हादऱ्याचा डाव

पत्त्यांच्या हॉलात आयुष्य गेलं असं मी सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या खिशाकडं बघतो आणि मग स्वतःच्या. त्यात त्याचा दोष नाही. पण आमच्या क्लबात पैसे लावून खेळ कधीच नव्हता, आणि मी तर खेळणाऱ्यांतला नाहीच. मी पंच. पानं वाटायची, पॉइंट फळ्यावर लिहायचे, भांडणं मिटवायची आणि संध्याकाळी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायच्या. लातूरच्या त्या क्लबात केस पांढरे होईस्तोवर मी हेच केलं. माझ्या बायकोला हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. माहेरी ती सांगायची, "हे हापिसात असतात."

कॅट पिसायला मी नांदेडला शिकलो. माझे मामू तिथल्या एका क्लबात पंच होते. मी शेजारी उभा राहून कुणाकडं कोणतं पान आहे ते चोरून बघायचो, तेव्हा ते डोक्यात टपली मारायचे. म्हणायचे, "पत्ते कू क्या देखता, हातां देख." ती सवय मला लागली ती लागलीच. पुढं लग्नात पंगतीला बसलो तरी मी लोकांचे हातच बघत बसायचो आणि माझी भाजी गार व्हायची.

रमी ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हातात तेरा पानं असतात. ती ओळीत किंवा सारख्यांच्या गटात बसवायची. ज्याची आधी बसली तो 'शो' करतो आणि त्याला शून्य मिळतं. बाकीच्यांची जी पानं बसायची राहिली, त्यांची बेरीज त्यांच्या नावावर चढते. म्हणजे रमीत पॉइंट ही कमाई नव्हे, ओझं आहे. दोनशे एक झाले की माणूस बाद. सगळ्यात शेवटी जो उरला तो जिंकला. आता यातली मेख अशी, की पानं हातात आल्या-आल्या वाईट दिसली तर ती खाली ठेवून देता येतात. याला पॅक म्हणतात. पॅकचे पंचवीस ठरलेले. खेळलात तर शून्यही येईल आणि ऐंशीही. पण तुमच्या नावावर एकशे शहात्तर झाले, की पॅकचा रस्ता बंद. कारण पंचवीस घेतले की तुम्ही बादच. मग पानं कशीही येवोत, खेळायचंच.

मला कुतूहल वाटत आलं ते या शेवटच्या टप्प्याचं. सुरुवातीला सगळे आपापल्या स्वभावासारखे खेळतात. धसमुसळा धसमुसळेपणानं खेळतो, भित्रा भीतभीत. पण टेबलावर दोघं-तिघं उरले, की माणसं बदलतात. जो पुढं आहे तो घाबरायला लागतो आणि जो मरणाच्या दारात आहे तो पान खात गप्पा मारतो. असं का होतं, याचा मी खूप विचार केला. एवढंच कळलं, की पुढं असणाऱ्याला जिंकणं आधीच आपल्या घरात आल्यासारखं वाटतं. तो मग खेळत नाही, राखण करतो. मागच्याला पॅक करता येत नाही, म्हणून करू की नको हा घोरही त्याला नसतो.

आमच्या क्लबात वर्षाला एक स्पर्धा व्हायची आणि तिला बक्षीस म्हणून कप-बिप काही नसायचा. विजेत्यानं एक मागणी करायची आणि कमिटीनं ती पुरवायची. खर्चाची नसावी एवढीच अट. क्लब काढणाऱ्या जुन्या लोकांनी हे ठरवलं होतं आणि कुणी मोडलं नव्हतं. एका डॉक्टरांनी मागितलं, की वर्षभर क्लबात मला कुणीही दुखणं सांगायचं नाही. कमिटीनं मान्य केलं. मग सगळे आपली दुखणी माझ्या कानात सांगायला लागले, आणि डॉक्टर हात धुवायला उठले की मी त्यांच्या मागं. "मोंढ्यातल्या शेटजींना जळजळतंय." ते चिडून म्हणायचे, "त्यांना म्हणावं भजी बंद करा." असं ते वर्ष गेलं.

मग किल्लारीचा भूकंप झाला. तो काय होता हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लातूर शहर उभं राहिलं, पण माणसं हलली ती हललीच. नंतर कित्येक महिने जमीन अधूनमधून थरथरायची. स्लॅबच्या घरांचे मालक अंगणात झोपायचे. आजवर ज्या पत्र्याच्या छपराला लोक नाकं मुरडायचे, त्याला एकदम भाव आला. आमचा पत्त्यांचा हॉल लांबलचक होता, हलक्या भिंतींचा आणि वर पत्रा असलेला. गावात त्याच्याइतकी बिनघोर जागा दुसरी नव्हती.

त्या हॉलात रोज सगळ्यात आधी यायचे ते मन्मथप्पा. मोंढ्यात त्यांचं अडत दुकान, मोठा बारदाना, तीन मजली नवं घर. औशाकडच्या एका गावात दिलेली त्यांची थोरली बहीण भूकंपात घराखाली गेली. अप्पा ढिगारा उपसायला स्वतः गेले होते. तेव्हापासून स्लॅबखाली त्यांचा जीव घाबरायचा. घरात जेवण उरकायचे आणि सरळ आमच्याकडं. चपला काढून तळपाय फरशीला टेकवून बसायचे, म्हणजे जमीन हलली तर आधी कळावं. एकदा मला म्हणाले, "लतीफ, ह्या पत्र्याखाली मला जरा डोळा लागतो बग. घरी न्हाई लागत." सत्तरीला टेकलेला माणूस खुर्चीत बसून दुपारी घोरायचा, आणि मी टेबलवाल्यांना हळू बोला म्हणायचो.

हादऱ्यांमुळं कमिटीला नवा नियम करावा लागला. डाव चालू असताना हादरा बसला, तर पानं पालथी ठेवायची, सगळ्यांनी बाहेर मैदानात यायचं आणि परत आल्यावर तो डाव रद्द धरून नव्यानं वाटायचं. नियम साधा होता. पण आमच्यात एक गुत्तेदार होते, रस्त्यांची कामं घेणारे. त्यांना वाईट पानं आली की हमखास हादरा बसायचा. "हादरा! हादरा!" म्हणून ते उठायचे, आम्ही पळत बाहेर, आणि बाहेर झाडाचं पानही हलत नसायचं. चार-पाच वेळा असं झाल्यावर कमिटीनं नियमाला शेपूट जोडलं. पंचाशेजारी स्टुलावर पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास ठेवायचा. पाणी हललं असं पंच म्हणाला तर हादरा खरा. नाही हललं, तर ओरडणाऱ्याच्या नावावर पॅकचे पंचवीस. आणि पंचाला सांगताच आलं नाही, तर क्लबाचा जुना रिवाज लागू. पंचानं पाहिलं नसेल तिथं समोरच्या खेळाडूचा शब्द शेवटचा. हे शेपूट लागल्यापासून गुत्तेदारांना हादरे बसायचे थांबले.

त्या हिवाळ्यात स्पर्धेसाठी नावं घेताना देशमाने सर समोर येऊन उभे राहिले. सर गणिताची शिकवणी घ्यायचे. तेव्हा लातुरात कोचिंगचा आजच्यासारखा बाजार नव्हता, पण सुरुवात झाली होती. जळकोट, अहमदपूरकडची पोरं गावात खोल्या करून राहायला लागली होती. सरांच्या वर्गाच्या भिंतींना भूकंपात अशा भेगा गेल्या, की आईबाप पोरांना आत बसू देईनात. सर लिंबाच्या झाडाखाली शिकवत होते. त्यांनी कमिटीकडं सरळ हॉल मागितला होता आणि कमिटीनं सरळ नाही म्हटलं होतं.

मी म्हणालो, "सर, तुम्ही तर पत्ते खेळत नाहीत."

"शिकलो दोन महिन्यांत," सर म्हणाले. "लिहा नाव."

"मागणीसाठी?"

"हो. हॉलसाठी."

त्यांनी ते लपवलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लबाला कळलं, की सर जिंकले तर पत्ते बंद. अप्पांनी त्या दिवसापर्यंत कधी स्पर्धेत नाव दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिलं. आणि हॉल गेला तर माझं काय, हे मला कुणी विचारलं नाही. पण घरी बायकोनं विचारलं. पत्त्यांशिवाय पंच म्हणजे कोण?

सामने रविवारी दुपारी व्हायचे. सर खेळायचे म्हणजे काय, तर पॅक करायचे. पानं उचलायची, एकदा नजर फिरवायची, दहातल्या सहा वेळा खाली ठेवून द्यायची. लोक हसायचे. पण बाकीचे हौसेनं खेळून साठ-सत्तर डोक्यावर घ्यायचे आणि बाद व्हायचे, आणि सर पंचवीस-पंचवीस करत मागं उरायचे. असं करत ते शेवटच्या टेबलापर्यंत आले. समोर उरले मन्मथप्पा.

शेवटच्या दुपारी हॉल भरला होता. खिडक्यांतूनसुद्धा माणसं. फळ्यावर अप्पांचे एकशे अठ्ठ्याऐंशी होते. म्हणजे एक डाव हरले, हातात दोन-तीन पानं जरी बसायची राहिली, की संपलं. सरांचे होते एकशे पाच. सरांनी पुढचे दोन डाव बेधडक खेळले असते, तर त्यातला एक तरी त्यांना बसता. लहान मूलही तेच सांगेल.

सरांनी पॅक केलं. एकशे तीस.

पुन्हा पानं वाटली. सरांनी बराच वेळ बघितली आणि पुन्हा पॅक केलं. एकशे पंचावन्न.

गुत्तेदार मागून ओरडले, "ओ सर, खेळा की! अप्पा बारा पॉइंटावर लटकायलेत. कामून भ्यायलाव?"

सरांनी तिसऱ्यांदा पॅक केलं. एकशे ऐंशी.

मी खडूनं आकडा लिहिला आणि वळून त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस पोरांना गणित शिकवतो. न खेळून तो अप्पांना फुकट जगवतोय आणि स्वतः खड्ड्यात उतरतोय, हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत असणारच. पण हॉल त्याला आता इतका जवळ दिसत होता, की हात लांब करायचीच भीती वाटत होती. लिंबाखालची पोरं बाहेर मैदानात येऊन बसली होती. सर अधूनमधून दारातून त्यांच्याकडं बघायचे आणि पानं खाली ठेवायचे. मला त्या क्षणी त्यांची दया आली. माझी खुर्ची जाणार होती त्यांच्यामुळं, तरी आली.

आता दोघंही कोपऱ्यात. दोघांनाही पॅक नाही. मी पानं वाटली.

अप्पांची एक लकब होती. पानं बसेपर्यंत डावा हात कानाच्या पाळीशी चाळा करत राहायचा. बसली की कान सुटायचा. खेळ पाच-सहा फेऱ्या चालला. अप्पांनी एक पान उचललं, बघितलं, आणि त्यांचा हात कानावरून खाली आला. मी मनात म्हटलं, झालं. हॉल राहिला.

अप्पांनी पानं नीट जुळवून पालथी धरली. शो म्हणायला तोंड उघडलं. आणि तसेच थांबले. त्यांचे पाय फरशीवर ताठ झाले.

"हादरा!" ते ओरडले आणि उठले. उठले ते इतक्या जोरात, की टेबल तिरपं झालं, टेबलानं स्टूल ढकललं आणि ग्लास खाली पडून फुटला. पानं त्यांच्या हातून सुटली, पालथीच. तोल सावरायला त्यांनी समोर हात टाकला तो सरांच्या मनगटावर.

बाहेर सगळेच पळाले. मैदानात एकच गलका.

"पत्रा वाजला, मी ऐकला."

"न्हाई ओ, वारं होतं ते."

"मला तर कायबी न्हाई जाणवलं."

"मला जाणवलं जरा, पायाला."

कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडं आले. "लतीफभाई, निकाल द्या. पाणी हललं का?"

पाणी फरशीवर सांडलं होतं. पुरावाच सांडला होता. मी खरं ते सांगितलं, "साहेब, हादऱ्यानं हललं का टेबलानं, मला सांगता येणार नाही."

"मग रिवाज," अध्यक्ष म्हणाले.

रिवाजाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. सर नाही म्हणाले, तर अप्पांच्या नावावर पंचवीस आणि अप्पा बाद. सरांना पान न टाकता हॉल मिळत होता. सगळ्या हिवाळ्यात याच्याइतकी बिनधोक्याची गोष्ट त्यांच्यापुढं आली नव्हती. अप्पा उकिडवे बसून, दोन्ही पंजे मातीवर टेकवून, अजून जमीन तपासत होते. आजूबाजूला काय चाललंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

मी विचारलं, "सर, तुम्हाला हादरा जाणवला का?"

त्या दुपारी पॅकलाही वेळ घेणारा तो माणूस, यावेळी त्यानं क्षणही घेतला नाही.

"हो," सर म्हणाले. "जाणवला."

डाव रद्द झाला. आत आल्यावर मी पानं गोळा करायच्या आधी गुत्तेदारांनी अप्पांची पालथी पानं उलटून बघितली. तेराच्या तेरा बसलेली. अख्खा हॉल हळहळला. गुत्तेदार मात्र फार गंभीरपणे म्हणाले, "मंग हादरा खराच असनार. खोटा हादरा कसल्या पानावर येतो, ते मला इचारा." लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

नवा डाव मी वाटला. सरांची पानं भिकार होती; त्यांच्या हातांवरून ते मला दिसत होतं. पॅक करता येत नव्हतं. आणि मग मी ती गोष्ट पाहिली, जिच्यासाठी मी इतकी वर्षं ती खुर्ची धरून बसलो होतो. सर खेळायला लागले. मोठी पानं फेकली, बसलेला गट मोडला, मधल्या एका पानासाठी अडून बसले. आल्यापासून पहिल्यांदा ते दाराकडं बघत नव्हते. अप्पा कान चोळत राहिले. शेवटी सरांनी एक पान उचललं, ती चौकटची सत्ती होती, आणि हळूच म्हणाले, "शो."

अप्पांनी आपली पानं मांडली, स्वतःच बेरीज केली आणि मान हलवली. "सर, आज पत्ते खेळलाव तुमी," ते म्हणाले. "इतके दिस नुसते धरून बसत होताव." मग उठून चपला शोधायला लागले. मला त्यांच्याकडं बघवेना. आता दुपारी हे कुठं जातील, हाच विचार माझ्या डोक्यात. आणि मी कुठं जाईन हा दुसरा.

अध्यक्ष म्हणाले, "सर, मागणी सांगा."

सर उभे राहिले. "सकाळी सात ते दुपारी दोन हॉल माझ्या पोरांना. दोननंतर पत्ते, जसे होते तसे."

"अर्धाच?" गुत्तेदार म्हणाले. "ओ, सगळा मागा की. जिंकलाव तुमी."

"पुरे," सर म्हणाले.

असं झालं, की माझी खुर्ची राहिली. अप्पा तर दोनच्या आधीच यायला लागले आणि शेवटच्या बाकावर बसून बीजगणित ऐकत डुलक्या घ्यायला लागले. सर फळ्यावर लिहिता लिहिता आवाज जरा खाली आणायचे. पोरांना ते म्हातारे सरांचे कुणी नातेवाईक वाटायचे. वर्षभरानं कधीतरी अप्पा स्वतःच्या घरात, खालच्या मजल्यावर का होईना, झोपायला लागले. त्या दिवशी पेढे घेऊन आले आणि पोरांना वाटले. कशाचे, ते काही सांगितलं नाही.

पुढं लातूर कसं बदललं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लोगल्ली मेस, होस्टेल, गुणवंतांच्या फोटोंचे फलक. सरांचा क्लास स्वतःच्या इमारतीत गेला. पत्ते खेळणारे एकेक करून कमी झाले, गुत्तेदारही गेले, आणि हॉलाची अभ्यासिका झाली. मी तिथंच राहिलो, राखणदार म्हणून. काम तेच होतं. गप्प बसायचं आणि हातांकडं बघायचं. भोकर-नायगावकडची पोरंही यायची. चुकीच्या उत्तराला मार्क कापायची पद्धत आली तेव्हा एकजण मला विचारायचा, "चाचा, उत्तर येत नसंल तर ठोकून देऊ का सोडू?" मी त्याला म्हणायचो, "बाबा, तुझे झालेत किती, त्यावर आहे." तो मला वेड्यात काढायचा आणि तरी दुसऱ्या दिवशी परत विचारायचा.

पण एक गोष्ट माझ्या मनात अडकून होती. त्या दुपारी हादरा बसला होता का? मी बसलो होतो तिथं मला काही कळलं नव्हतं. नंतर ज्याला त्याला विचारलं. निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. अप्पांना विचारायची सोय नव्हती. त्यांना तेव्हा रोजच जमीन हलायची.

सर निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडं राहायला गेले. भाचीच्या लग्नाला नांदेडला गेलो, तेव्हा त्यांना भेटून आलो. बाल्कनीत बसलो, चहा झाला, जुन्या पोरांची नावं निघाली, कोण डॉक्टर झालं, कोण शेतीकडं गेलं. उठता उठता मी विचारलंच.

"सर, एक सांगा. तो हादरा तुम्हाला खरंच जाणवला होता?"

सरांनी रिकामा कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "नाही, लतीफभाई. मला काही जाणवलं नव्हतं."

"मग हो कामून म्हणालाव? न खेळता मिळत होता हॉल. तुम्ही तर तीनदा पॅक करणारे."

त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं. अप्पांनी जिथं धरलं होतं तिथंच. मामूंच्या सवयीनं मी ते बघितलं.

"न खेळता मिळाला असता, खरं आहे," ते म्हणाले. "पण अप्पांची भीती खरी होती, ती या मनगटाला कळली होती. आणि नंतर रोज सकाळी त्या पत्र्याखाली उभं राहून मलाच शिकवायचं होतं."